भूमिहीनांचा लढा आणि दुभंगलेला पक्ष : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

चाळीसगाव असो, अमळनेर असो, शिरपूर असो की साक्री, जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा सगळ्यांचा एकच असतो. फलकांवरची नावे मात्र निराळी असतात. पक्षाचे नाव एक, आणि त्याच्यापुढे कंसात कोणा ना कोणा नेत्याचे आडनाव. नवा मुलगा चळवळीत आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, तू कुठल्या गटाचा? आपल्या पक्षाला करायचे काय आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे आयुष्य आम्ही इथे सांगतो आहोत ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. रिपब्लिकन पक्षाचा पहिला मोठा लढा त्यांनी लढवला. पहिली मोठी फूटही त्यांच्याच काळात पडली. दोन्ही गोष्टी १९५९ च्या सुमारास घडल्या, आणि त्या लढ्याचे एक प्रमुख रणांगण आपला खानदेश होता. तेव्हा ही गोष्ट आपल्या घरातली आहे.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. महाविद्यालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. अंगात धोतर-सदरा, बोलणे गावाकडचे, आणि माणसे जोडण्याची हातोटी विलक्षण. पुढे याच धोतरावरून त्यांना हिणवले जाईल, म्हणून ते इथेच लक्षात ठेवावे.

महाडच्या चळवळीनंतर नाशिक हे बाबासाहेबांच्या लढ्याचे दुसरे मोठे ठाणे झाले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. या पाच वर्षांत बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले, पुणे कराराचा प्रसंग आला, देशभर दौरे करावे लागले. मागे नाशिकला सत्याग्रह तेवत ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने भाऊरावांवर होती. स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या करायच्या, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही ते पाहायचे, गावागावांत बहिष्कार पडला तर धावून जायचे, पैसे जमवायचे आणि हिशेब ठेवायचा. वर्तमानपत्रात न येणारे हे काम त्यांनी केले. तुरुंगवासही भोगला.

बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली असंख्य पत्रे आज प्रकाशित आहेत. मंदिरप्रवेशाचा लढा थांबवून शिक्षण आणि राजकारणाकडे वळावे, हा विचार बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये पत्राने कळवला तोही भाऊरावांनाच. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ज्या देवळाच्या दारासाठी पाच वर्षे मार खाल्ला, ते दार सोडून पुढे जायचे होते. भाऊराव बिनतक्रार पुढे गेले. नेत्याशी निष्ठा म्हणजे काय, हे यातून कळते. लढा कशासाठी आहे हे ठाऊक असले की लढ्याची जागा बदलता येते, हेही कळते.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर गेले. हा पक्ष नावाप्रमाणे मजुरांचा आणि कुळांचा होता. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली खोती मोडण्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभे राहिले. मतभेद होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाहीत. पण प्रश्न मजुराचा असेल तेव्हा सोबत कोण आहे याला ते घाबरले नाहीत. हा धडा भाऊरावांनी मनात जपला.

नवा पक्ष, जुने दुखणे

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. रिपब्लिकन पक्षाची कल्पना त्यांनी मांडून ठेवली होती, पक्ष मात्र त्यांच्या हयातीत उभा राहिला नाही. १९५७ च्या निवडणुका शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्याच नावाने आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीत लढल्या गेल्या. समितीच्या लाटेत फेडरेशनला मुंबई राज्याच्या विधानसभेत १३ जागा मिळाल्या. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. कोपरगावहून बॅरिस्टर नव्हे, पण बॅरिस्टरांच्या तोडीचे कायदेपंडित बी. सी. कांबळे निवडून आले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. नाव नवे होते आणि इरादाही नवा होता. एका जातीसमूहाचा पक्ष न राहता सगळ्या दलित, भूमिहीन, कष्टकऱ्यांचा विरोधी पक्ष व्हायचे, असे ठरले होते. दोन वर्षे पुरी होईपर्यंत पक्ष फुटला होता.

कांबळे यांच्या नेतृत्वाखालचा गट दुरुस्त रिपब्लिकन पक्ष म्हणून ओळखला जाऊ लागला. साहजिकच दादासाहेबांच्या बाजूला लोक नादुरुस्त म्हणू लागले. या फुटीची कहाणी आपल्याकडे बहुधा भांडणाची कहाणी म्हणून सांगतात. अमुक नेत्याचा अहंकार, तमुक नेत्याची महत्त्वाकांक्षा. अहंकार होताच. पण तेवढ्यावर थांबलो तर आपल्या हाती काहीच लागत नाही.

दुरुस्त गटाचे म्हणणे असे होते की, बाबासाहेबांचा पक्ष घटनेने आणि नियमाने चालला पाहिजे. त्याचे नेतृत्व कायदा जाणणाऱ्या शिकलेल्या माणसांकडे असले पाहिजे. आघाडीच्या नादात त्याने कम्युनिस्टांच्या मागे फरफटत जाऊ नये. यातला पहिला मुद्दा आजही कोणी खोडू शकणार नाही. ज्या पक्षाला सभासदनोंदणी नाही, तालुक्याची निवडणूक नाही, वर्षाचा हिशेब नाही, तो पक्ष नेत्याच्या खिशात राहतो.

दादासाहेबांची बाजू वेगळी होती. त्यांना दिसत होते की शिकलेला, नोकरीला लागलेला, शहरात स्थिरावलेला माणूस समाजात मूठभर आहे. बाकीचा समाज गावात आहे, आणि गावात त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेत हीच खंत बोलून दाखवली होती. शिकलेल्यांनी पाठ फिरवली, आणि खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपण पुरेसे करू शकलो नाही, असा तिचा आशय होता. दादासाहेबांनी ती खंत पक्षाचा कार्यक्रम मानली.

दोन बाजूंच्या मधे धोतर आणि सूट-बूट अशी रेघ ओढली गेली. धोतर नेसणाऱ्याला राज्यघटना काय कळणार, असे एकीकडून. पाटलोणवाल्याला नांगर काय कळणार, असे दुसरीकडून. वास्तविक पक्षाला दोघेही हवे होते. कोर्टात सातबारा वाचणारा हवा होता आणि बांधावर उभा राहणाराही. नियमांची मागणी करणारे एका पक्षात गेले आणि जमिनीची मागणी करणारे दुसऱ्या पक्षात राहिले. दोन्ही पक्ष अर्धेच उरले.

खानदेशातला सत्याग्रह

बाबासाहेबांच्या चळवळीला खानदेश नवा नव्हता. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये धुळ्याहून चाळीसगावला उतरले होते. अस्पृश्याला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार नव्हते. अखेर टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, पुलाजवळ टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. प्रांताच्या मोठ्या बॅरिस्टरची ही गत, तर गावच्या सालदाराची काय असेल?

हा सालदारच १९५९ च्या लढ्याच्या मुळाशी होता. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस, केळी, भुईमूग. या पिकांमागे राबणारे हात वर्षाच्या बोलीवर बांधलेले. बौद्ध, भिल्ल आणि इतर भूमिहीन जातींचे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. मोठाच कायदा होता, पण तो कुळासाठी होता. सालदार कायद्याने कूळ नव्हता, मजूर होता. तीस वर्षे एकाच शेतात राबला तरी त्याच्या नावावर त्या शेताचा काही संबंध नोंदलेला नसे. त्यामुळे जमीन वाटली गेली आणि तो होता तिथेच राहिला.

महार वतनाची जमीन म्हणावी, तर तिच्यात भाऊबंदकीचे तुकडे पडलेले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली ही गुलामीतून सुटकाच होती, आणि तिच्यासाठी बाबासाहेब कित्येक वर्षे झगडले होते. पण ती जमीन पुन्हा स्वतःच्या नावावर करून घ्यायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागणार होती. दुसरीकडे विनोबांची भूदान चळवळ जोरात होती. तीत जमीन देणाऱ्याच्या मर्जीवर मिळत होती. दादासाहेबांचा आग्रह मर्जीचा नव्हता, हक्काचा होता.

मग जमीन आणायची कुठून? उत्तर साधे होते. सरकारच्या मालकीची हजारो एकर जमीन पडीत होती. गायराने होती, वनखात्याकडची झाडे नसलेली जमीन होती. ती भूमिहीनांना कसायला द्या, एवढीच मागणी. अशा लढ्याची सुरुवात मराठवाड्यात १९५३-५४ मध्येच झाली होती. १९५९ मध्ये दादासाहेबांनी तो मोठ्या प्रमाणावर उभारला. त्या वेळी पूर्व आणि पश्चिम खानदेश म्हणून ओळखले जाणारे आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे, शिवाय नाशिक, नगर आणि मराठवाडा ही त्याची मुख्य क्षेत्रे होती.

या लढ्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पडीत जमिनीवर जायचे, ती कसायला घ्यायची, पोलिसांनी अडवले तर शांतपणे अटक करून घ्यायची. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी तयार. काळारामच्या दारात शिकलेली तीच शिस्त आता पडीत रानात आली होती. फरक इतकाच की तिथे मागणी दर्शनाची होती, इथे भाकरीची. बायका लेकरांसह आल्या. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, लढ्यात बौद्धांबरोबर आदिवासी आणि इतर भूमिहीनही होते. रिपब्लिकन पक्ष सगळ्या कष्टकऱ्यांचा व्हावा, हे नागपूरला कागदावर लिहिलेले वाक्य खानदेशच्या शिवारात प्रत्यक्ष दिसत होते. त्यासाठी कोणी कोणाला जात सोडायला सांगितली नव्हती. प्रश्नच असा निवडला होता की त्याच्याभोवती सगळे येणार.

याच सुमारास मुंबईत पक्षाचे नेते खरा पक्ष कोणाचा या वादात गुंतले होते.

सहा डिसेंबर १९६४

फुटीचा परिणाम मतपेटीत दिसला. १९६२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत पक्षाला फक्त ३ जागा मिळाल्या. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर समितीही विस्कटली होती. लोकसभेत पक्षाचे ३ जण गेले ते सगळे उत्तर प्रदेशातून, अलीगढचे बी. पी. मौर्य त्यांपैकी एक. महाराष्ट्रातून एकही नाही. दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६४ मध्ये एन. शिवराज यांचे निधन झाले आणि पक्षाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्याच वर्षी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबर १९६४ ला, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. मागण्यांची सनद पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना आधीच दिली होती. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा नीट राबवा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या होत्या. पंजाबपासून दक्षिणेपर्यंत लोक तुरुंगात गेले. अटक झालेल्यांचा आकडा तीन लाखांच्या वर सांगितला जातो. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या, दादासाहेबांच्या तालमीत वाढलेल्या कार्यकर्त्या या लढ्यात पुढे होत्या. अखेर केंद्र सरकारला बोलणी करावी लागली आणि काही मागण्या तत्त्वतः मान्य कराव्या लागल्या.

तत्त्वतः या शब्दाचा अर्थ पुढे कळला. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लागले १९९० मध्ये. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला तोही १९९० मध्ये. दादासाहेबांच्या मृत्यूला तेव्हा १८ वर्षे झाली होती. ज्या मागण्यांचे श्रेय आज प्रत्येक गट घेतो, त्यांच्यासाठी १९६४ मध्ये बिनचेहऱ्याचे भूमिहीन तुरुंगात गेले होते.

युती आणि उतरण

आता अवघड भाग. दादासाहेबांचे चरित्र सांगताना तो गाळायची सवय आहे, पण गाळून चालणार नाही.

तुरुंग भरून झाले, हाती आश्वासने उरली. कार्यकर्ता थकला होता. गावात सत्ता नसली की ग्रामसेवक ऐकत नाही, तलाठी दाद देत नाही. पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या होत्या आणि विकासाचा पैसा तिथून वाटला जात होता. यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्रात बौद्धांना राज्याच्या सवलती देऊन मनही जिंकले होते. अशा वेळी, १९६७ च्या सुमारास, दादासाहेबांनी काँग्रेसशी युतीचा रस्ता धरला. त्याआधीच आर. डी. भंडारे थेट काँग्रेसमध्ये गेले होते आणि १९६७ मध्ये त्याच पक्षाकडून लोकसभेवर निवडूनही आले.

युतीमागचे दादासाहेबांचे गणित समजण्यासारखे होते. गावच्या सत्तेत वाटा मिळाला तर भूमिहीनाचे काम होईल, असे ते गणित होते. काही ठिकाणी तसे झालेही. पण ज्या सरकारकडे जमीन मागायची त्याच सरकारच्या पक्षाशी जागांचे बोलणे सुरू झाले, आणि हळूहळू बोलण्यात जमीन कमी आली व जागा जास्त. सत्याग्रह करणारा पक्ष वाटाघाटी करणारा पक्ष झाला. वाटाघाटीला नेता लागतो, गाव लागत नाही. म्हणून प्रत्येक नेत्याला आपली वेगळी वाटाघाट करता येऊ लागली. पुढे बॅरिस्टर बी. डी. खोब्रागडे यांचा वेगळा गट झाला. गवई गट, कांबळे गट, खोब्रागडे गट अशी नावे रूढ झाली ती इथून.

१९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांनी, मे १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. गटबाजीने वैतागलेल्या तरुणांचा तो संताप होता. त्याच वर्षी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात भिल्ल शेतमजुरांच्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी श्रमिक संघटना उभी राहिली. ज्या प्रश्नावर रिपब्लिकन पक्षाने १९५९ मध्ये याच खानदेशात लढा दिला होता, तो प्रश्न पुन्हा पेटला होता. पण आता झेंडा दुसऱ्यांचा होता. प्रश्न सोडून दिला की तो मरत नाही, दुसरे कोणीतरी उचलते.

ऐक्य कशाभोवती?

त्यानंतर ऐक्याचे प्रयोग किती झाले! १९९८ चा प्रयोग सगळ्यांत यशस्वी. त्या निवडणुकीत अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेत गेले, तेही चारही खुल्या मतदारसंघांतून. एकत्र आलो तर काय होते, याचा तो पुरावा आहे. पण ते ऐक्य वर्ष-दीड वर्षातच विरले. कारण ते जागांभोवती उभे होते. निवडणूक संपली की त्याला धरून ठेवणारे काही उरत नव्हते.

१९५९ मध्ये खानदेशात उभे राहिलेले ऐक्य वेगळ्या प्रकारचे होते. व्यासपीठावर हात उंचावून त्याची घोषणा झाली नव्हती. ते गायरानावर, तुरुंगाच्या बराकीत, मामलेदार कचेरीच्या आवारात तयार झाले होते. म्हणून वर नेते भांडत असतानाही खाली ते टिकले.

आज राज्य सरकारची एक योजना दादासाहेबांच्या नावाने चालते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना २००४ पासून आहे, आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. जमीन सरकारने खाजगी मालकाकडून विकत घेऊन द्यायची. सरकारी दरात जमीन विकायला तयार मालक सापडला नाही तर योजना कागदावर राहते. दुसरीकडे, गायरानावर कित्येक वर्षे घाम गाळणाऱ्या कुटुंबांची गत पाहा. १९७८ ते १९९० मधली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी अनेकांच्या नावावर सातबारा चढलेला नाही. गायरान मोकळे करण्याचे न्यायालयीन आदेश आले की पहिली नोटीस यांच्याच दारावर लागते.

जळगाव-धुळ्यातल्या आमच्या तरुण मित्रांना आम्ही एवढेच सुचवू. येत्या १५ ऑक्टोबरला दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालाच. त्याआधी मात्र आपल्या तालुक्यात या योजनेखाली आजवर किती कुटुंबांना जमीन मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या गावच्या गायरानाची नोंद तलाठ्याकडून काढा. कोणाची अतिक्रमणे नियमित व्हायची राहिली, त्यांची यादी करा. यादी करताना सर्व गटांच्या मुलांना बोलवा, आणि बौद्धांबरोबर भिल्ल, पावरा, मातंग, भटक्या कुटुंबांची नावेही लिहा. कोर्टाचे काम कळणारे वकील सोबत घ्या. म्हणजे १९५९ मध्ये दुरावलेले सूट-बूट आणि धोतर निदान एका तालुक्यात तरी एका टेबलावर बसतील.

नेत्यांचे ऐक्य होईल तेव्हा होईल. त्या यादीवर काम सुरू करायला त्याची वाट पाहावी लागत नाही. दादासाहेबांनी १९५९ मध्ये ती पाहिली नव्हती.

जयभीम. नमो बुद्धाय.